हिब्रू, वेल्श आणि मराठी : भाषांचं नातं कसं तपासायचं?

पुणे जिल्ह्यातल्या वडगाव रासाईहून भीमा नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. त्याच तालुक्यातलं केडगाव पंडिता रमाबाईंमुळे ओळखलं जातं. संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाई उत्तरायुष्यात तिथे हिब्रू आणि ग्रीकच्या अभ्यासाला बसल्या आणि मूळ भाषांवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तिथे खिळे जुळवायचं कामही आश्रमातल्या बायकाच करत.

वेल्सचा धागाही केडगावला येऊन मिळतो. ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या या प्रदेशात १९०४ मध्ये मोठं धार्मिक जागरण झालं. त्याच्या बातम्या ऐकून रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत आश्रमात विशेष प्रार्थनासभा सुरू केल्या.

हिब्रू आणि वेल्सची वेल्श या सख्ख्या भाषा आहेत, असं एके काळी विद्वानही मानत. सतराव्या शतकात चार्ल्स एडवर्ड्स या वेल्श लेखकाने दोन्हींतल्या जुळणाऱ्या शब्दांची यादीच छापली. हिब्रू ही जगातली पहिली भाषा, ही त्या काळची श्रद्धा होती. हिब्रू-वेल्शच्या नात्याचा दावा आपण वही-पेन्सिल घेऊन स्वतः तपासू शकतो. भाषाशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही.

सुरुवात शब्द निवडण्यापासून. इथेच बहुतेकांची गाडी चुकते. 'आमेन' आणि 'हालेलुया' हे मुळात हिब्रू शब्द वेल्शमध्ये आहेत, तसे आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या मराठीतही आहेत. धर्म, व्यापार, राज्यकारभार यांच्याबरोबर शब्द गावोगाव फिरतात. त्यांवरून कुळ ठरत नाही. म्हणून अंक, नाती, शरीराचे अवयव असे रोजचे शब्द घ्यावेत. ते सहसा उसने घ्यावे लागत नाहीत, तरी अपवाद असतात हे ध्यानात ठेवावं.

आता वहीत तीन रकाने आखून अंक लिहू. हिब्रूत तीन म्हणजे शालोश, चार अर्बा, पाच खामेश, आठ श्मोने, नऊ तेशा, दहा एसेर. वेल्शमध्ये दोन म्हणजे दाय, तीन त्री, सात साइथ, आठ उइथ, नऊ नाउ, दहा देग. तिसऱ्या रकान्यात मराठी लिहा आणि शेजारी संस्कृतही असू द्या : द्वि, त्रि, सप्त, अष्ट, नव, दश. आपल्या लक्षात येईल की वेल्शची जोडी हिब्रूशी न लागता आपल्याशी लागते.

पण कानाला सारखं वाटणं हा पुरावा नव्हे. खरी कसोटी ध्वनींच्या नियमाची आहे : एका भाषेतल्या ठरावीक ध्वनीच्या जागी दुसरीत तितकाच ठरावीक ध्वनी पुन्हा पुन्हा यायला हवा. संस्कृत 'शत', वेल्श 'कांट'. संस्कृत 'श्वन्' म्हणजे कुत्रा, वेल्श 'की'. संस्कृत 'दश', वेल्श 'देग'. जिथे आपल्याकडे 'श', तिथे त्यांच्याकडे 'क', आणि शब्दाच्या आत तोच मऊ होऊन 'ग'. कांट आणि शत ऐकायला मुळीच सारखे नाहीत, तरी नातं त्यांचंच पक्कं. मला या सगळ्या अभ्यासात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकच असावा आणि वेल्श ज्यांत मोडते त्या केल्टिक भाषाही त्याच गोतावळ्यातल्या असाव्यात, हे १७८६ मध्ये कोलकात्यात मांडणारे विल्यम जोन्स वेल्श बापाचेच पुत्र होते.

उलट बाजूही पाहावी. 'बारा' हा उच्चार तिन्ही भाषांत आहे. हिब्रूत त्याचा अर्थ 'निर्माण केलं', वेल्शमध्ये 'पाव', आपल्याकडे एक डझन. इथे अर्थच वेगळे, म्हणून फसायला होत नाही. हिब्रू 'शेश' आणि आपले 'सहा', 'शेवा' आणि 'सात' इथे मात्र अर्थही जुळतो आणि मन लगेच धावतं. कुणी याला योगायोग म्हणतात, कुणी अतिप्राचीन उसनवारी. दोन शब्दांवर कुळ उभं राहत नाही.

मग त्या जुन्या वेल्श पंडितांना हिब्रू जवळची का वाटली? वाक्याच्या ठेवणीमुळेही. 'राजाचं घर' हिब्रूत 'बेत हामेलेख' होतं, वेल्शमध्ये 'टीर ब्रेनिन'. दोन्हींत आधी घर, मग राजा. आणि 'तो विशिष्ट' असं दाखवणारा छोटा शब्द, म्हणजे उपपद, फक्त राजाला. बायबलच्या हिब्रूत आणि वेल्शमध्ये क्रियापद बहुधा वाक्याच्या आरंभी येतं, आपल्यासारखं शेवटी नाही. शिवाय 'ला', 'वर' अशा अर्थाचे शब्द क्रियापदासारखे चालतात : हिब्रूत 'ली' मला, 'लो' त्याला, वेल्शमध्ये 'अर्नाव' माझ्यावर, 'अर्नो' त्याच्यावर.

साम्य खरंच थक्क करणारं आहे. जॉन मॉरिस-जोन्स यांनी १९०० मध्ये वेल्शच्या वाक्यरचनेची तुलना प्राचीन इजिप्शियन आणि बर्बर भाषांशी केली. त्या हिब्रूच्याच मोठ्या कुळातल्या. ब्रिटनच्या आधीच्या रहिवाशांच्या बोलीची ही छाप असावी, असा त्यांचा तर्क होता. तो आजवर सिद्ध झालेला नाही.

ठेवण शेजारातूनही येते, हे आपल्या मराठीतच दिसतं. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही' हा भेद संस्कृतात नाही, तेलुगूत आहे : मनमु आणि मेमु. हा द्राविडी शेजाराचा परिणाम, असं अभ्यासक मानतात. तेवढ्यावरून मराठी काही द्राविडी ठरत नाही.

हिब्रूचे खरे नातलग हवे असतील तर वहीत अरबीचा रकाना वाढवा. चार अर्बआ, पाच खम्सा, हे तर उघडच दिसेल. तीन 'थलाथा' आणि आठ 'थमानिया' हिब्रूच्या शालोश आणि श्मोनेशेजारी लिहा : या शब्दांत जिथे हिब्रूत 'श', तिथे अरबीत 'थ'. पुढे क-त-ब ही तीन व्यंजनं घ्या. अरबीतून आपल्याकडे आलेल्या 'किताब'मध्ये तीच आहेत. हिब्रूत 'ब'चा 'व' होऊन 'कातव' म्हणजे लिहिलं, 'मिख्ताव' म्हणजे पत्र. स्वर बदलत राहतात, व्यंजनं जागची हलत नाहीत. अशी घडण वेल्शमध्ये सापडत नाही.