पाच ग्रॅमचं विमान

ए-फोर आकाराचे सोळा कागद एकाला एक लावून जमिनीवर पसरले, की बरोबर एक चौरस मीटर भरतो. रिमच्या वेष्टनावर ‘८० जीएसएम’ छापलेलं असतं, म्हणजे त्या एक चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम. आता भागाकार करा. एका कागदाचं वजन ५ ग्रॅम. गोंडपिपरीचा किराणावाला एवढ्यासाठी तराजूला हातही लावणार नाही.

हा हिशेब माझा नाही, माझ्या सातवीतल्या मुलीचा. बल्लारशाहून बेंगळुरूला जाणाऱ्या गाडीत वरच्या बर्थवर पालथं पडून तिने तो केला. खालच्या बर्थवर पाचवीतला भाचा मागच्या स्टेशनापासून कागदाला घड्या घालत होता. मधूनच त्याने विचारलं, “मामाजी, खरं इमान किती ग्रामचं राहते?” गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघं निघालो होतो ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं विमान संग्रहालय बघायला. बायकोला म्हैसूरही हवं होतं. पण मुलांनी विमानाचा धोशा लावला होता, तेव्हा म्हैसूर राहिलं.

गोंडपिपरीच्या मुलांना विमान दिसतं ते मान वाकडी करून. ढग नसले की फार उंचावरून पांढरी रेघ ओढत एखादं जातं. हेलिकॉप्टर मात्र ओळखीचं. ते गडचिरोलीकडे जाताना झाडांच्या शेंड्यांवरून घरघरत जातं आणि पोरं वर्ग सोडून अंगणात येतात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसायचं विमान नागपूरला. तेव्हा आमच्याकडे विमान म्हणजे वहीचं फाडलेलं पान, आणि ते फाडल्याबद्दल बसलेला धपाटा.

त्या पानाबद्दल मात्र आमच्या तालुक्याने थोडा ताठा मिरवायला हरकत नाही. गोंडपिपरीच्या एका अंगाला बल्लारपूर आणि दुसऱ्या अंगाला, वैनगंगा ओलांडली की, आष्टी. दोन्ही गावं कागद गिरणीची. बल्लारपूरची कंपनी १९४५ सालची, थापरांची. हा कारखाना इथे आला तो जंगलासाठी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगरांवर मानवेल बांबू रानोमाळ होता. बांबूचा तंतू लांब आणि सडपातळ असतो, पानगळी झाडांच्या लाकडाच्या तंतूहून पुष्कळ लांब, म्हणून त्याचा कागद चिवट होतो. पुढे निलगिरी, सुबाभूळ अशी लाकडंही गिरणीत जाऊ लागली. तरी आमच्या लहानपणी रस्त्यावर दिसायचे ते बांबूचेच ट्रक. शेपटीसारखे मागे लोंबणारे शेंडे डांबरावर घासत जायचे आणि सायकलवरची आम्ही पोरं ते पकडायला धावायचो.

या बांबूचा एक कडू हिशेबही आहे. जंगलात राहणाऱ्याला टोपली विणायला चार बांबू तोडायचे तर मिनतवारी, आणि गिरणीला मात्र डोंगरच्या डोंगर. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे उलटवलं. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या हजेरीत ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं. बांबू कायद्याने ‘झाड’ गणला जायचा. त्याला त्या यादीतून काढायला मात्र २०१७ साल उजाडलं. विमानाच्या लेखात हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण विमानाचा इतिहास लिहिणारे ॲल्युमिनियम कुठून आलं ते सांगतातच की. आमच्या विमानाचा धातू हाच आहे.

आणि हा कागद खरोखर उडालाही आहे, तोही विदर्भाच्या आकाशातून. जानेवारी १९४९ पासून रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली, तिचं मधलं ठिकाण नागपूर. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार दिशांनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत ती आपापल्या गावी परतायची. बहुतेक डाकोटा जातीची. देश झोपलेला असताना चार कोपऱ्यांची पत्रं आमच्या विभागात एकमेकांना भेटून जात. वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं. माझ्या मते नागपूरच्या इतिहासातली ही सगळ्यात सुरेख गोष्ट आहे, आणि ती संत्र्याइतकी प्रसिद्ध नाही.

बेंगळुरूच्या संग्रहालयात शिरताना आम्ही चौघंही थोडे बावरलो होतो. ते २००१ साली सुरू झालं. आत दशकांनुसार लावलेली छायाचित्रं, उघडी करून ठेवलेली इंजिनं, आणि बाहेर झाडांखाली हिरवळीवर खरी विमानं. भाचा थेट मिग-२१ कडे पळाला. मुलगी मारुतपाशी थांबली. एचएफ-२४ मारुत हे भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट. १७ जून १९६१ रोजी ते उडालं आणि त्याचा आराखडा जर्मन अभियंता कुर्ट टांक याचा. निमुळतं नाक, मागे झुकलेले पंख. “बाबा, हे तर आपल्या कागदाच्या बाणासारखंच दिसून राहिलं,” ती म्हणाली. दिसतं खरं.

मी मात्र गेलो होतो एका साध्या विमानासाठी. एचटी-२. नाकावर पंखा, एकामागे एक दोन जागा, शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेलं. जेटांच्या गर्दीत ते लग्नाच्या वरातीत सायकल घेऊन आलेल्या मास्तरासारखं दिसतं. लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जात होते. पण भारतात आराखडा होऊन भारतात बांधलेलं आणि हवाई दलात रुजू झालेलं पहिलं विमान हेच. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. इंजिन १५५ अश्वशक्तीचं, म्हणजे आजच्या एखाद्या दणकट मोटारगाडीएवढं. हवाई दल, नौदल, फ्लाइंग क्लब या सगळ्यांनी ते वापरलं, घानाच्या हवाई दलानेही घेतलं. वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने हवेतली बाराखडी या विमानावर गिरवली.

त्याचा आराखडा करणारा माणूस गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचा. डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८. मुंबईत शिकून ते जर्मनीत ग्योटिंगनला गेले आणि लुडविग प्रांट्लच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांट्ल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचा बाप. वाहती हवा पृष्ठभागाला जिथे चिकटते तिथे एक पातळ थर बनतो आणि विमानाचं बरंचसं नशीब त्या थरात ठरतं, हे त्याने १९०४ साली मांडलं. घाटगे परतले. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद म्हैसूर संस्थानच्या मदतीने बेंगळुरूला विमानाचा कारखाना काढत होते. डिसेंबर १९४० ची ही गोष्ट. मोटार, जहाज आणि विमान या तिन्ही गोष्टी देशात झाल्याच पाहिजेत, या हट्टाचा हा माणूस. घाटगे त्या कारखान्यात गेले. महायुद्धाच्या काळात त्यांनी दहा माणसं नेणारं, इंजिन नसलेलं एक ग्लायडरही आखलं. म्हणजे भल्या थोरल्या आकाराचं कागदी विमानच. १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची घडीही त्यांनीच बसवली. एचटी-२ नंतर फ्लाइंग क्लबांचं पुष्पक आणि किरण हे शिकाऊ जेट, दोन्ही त्यांच्या हाताखाली झाली. १९६५ साली पद्मश्री मिळाली.

आता मराठी घरांमध्ये विचारून बघा : पहिलं भारतीय विमान कोणी केलं? उत्तर येतं, शिवकर बापूजी तळपदे, १८९५, गिरगाव चौपाटी. माणूस नसलेलं ‘मरुत्सखा’ उडालं आणि इंग्रजांनी दाबून टाकलं. यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही निघाला. या उड्डाणाला त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकातला. १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तो तपासला आणि त्यातली विमानं उडूच शकणार नाहीत असा निर्वाळा दिला. ते अभ्यासक तिथल्या विमानविद्या आणि यंत्र अभियांत्रिकी विभागांचे होते. त्यातल्या पहिल्या विभागाचा पाया घाटग्यांनी घातलेला. योगायोग म्हणून सोडून द्या हवं तर. तळपद्यांच्या धडपडीबद्दल मला आकस नाही, एकट्याने स्वप्न बघणारा माणूस कोणालाही आवडतो. राग आहे तो आपल्या निवडीचा. न उडालेल्या विमानाचे पोवाडे गातो आणि उडालेल्या विमानाच्या कर्त्याचं नाव पाठ्यपुस्तकात शोधावं लागतं.

दुपारी हिरवळीच्या कडेला डबा सोडला आणि भाच्याने खिशातून बाण काढून फेकला. तो थोडा पुढे गेला आणि नाकावर आपटला. दुसरा, तिसरा, तेच. मी विज्ञान शिकवतो, तेव्हा आता माझी पाळी होती. मी फक्त मागच्या कडा नखाने तांदळाच्या दाण्याएवढ्या वर उचलल्या. पुढची फेक सरळ गेली. हवेने शेपूट थोडं खाली दाबलं की नाक उचललेलं राहतं. खऱ्या विमानात हेच काम शेपटाची हलती पट्टी करते आणि एचटी-२ च्या शेपटाशी ती पट्टी भाच्याला लगेच दाखवता आली. मग पंख किंचित वर धरले. विमान एका अंगाला कललं, की कललेला पंख त्याला पुन्हा सावरतो. नाकाला घड्या जास्त, कारण वजनाचा मध्य उचल देणाऱ्या मध्याच्या पुढे हवा. मागे राहिला की विमान कोलांट्या खातं.

मुलीचा प्रश्न अवघड होता. एचटी-२ चे पंख चांगले जाड आहेत, मग कागदाचा सपाट पंख उडतो कसा? इथे प्रांट्ल लागतो. तळहाताएवढ्या आणि सावकाश उडणाऱ्या वस्तूच्या मानाने तो चिकट थर फार जाड ठरतो, हवा जणू काकवीसारखी घट्ट होते. तिथे जाड, गुबगुबीत पंखाचा फायदा राहत नाही, पातळ पत्राच बरा. म्हणून मोठ्या विमानाची हुबेहूब चिमुकली नक्कल रडत उडते आणि वहीचं पान हसत. नाकतोड्याचा पंख बघा, तोही पातळच.

जग हे खूळ गांभीर्याने घेतं. अमेरिकेत अरिझोनातल्या पिमा विमान संग्रहालयाने २०१२ साली मुलांची कागदी विमानांची स्पर्धा घेतली आणि जिंकलेल्या मुलाच्या घडीवरून सुमारे ४५ फूट लांबीचं कागदी विमान बांधलं. हेलिकॉप्टरने वाळवंटावर उंच नेऊन ते सोडलं. ते उडालं आणि मग मोडलं. कागदी विमान लांब फेकायचा विक्रम डिसेंबर २०२२ मध्ये ८८.३१८ मीटरवर गेला. करणारे बोइंग कंपनीतले तरुण अभियंते, हत्यार एक ए-फोर कागद.

परत आल्यावर शाळेच्या मैदानावर आम्ही आमचं प्रात्यक्षिक मांडलं. चुन्याने रेघा आखल्या, टेप धरला. आधी कागदाची नस शोधायला शिकवली. गिरणीत लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि तंतू धावेच्या दिशेला लोळतात. पट्टी एका बाजूने ओली केली की कागद गुंडाळतो, त्या गुंडाळीचा आस म्हणजे नस. मधली घडी नसेच्या दिशेने घातली तर धारदार बसते, आडवी घातली तर कडा फुटते. बुरडाच्या घरचा एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, बांबू बी उभाच फाटते.” तेवढ्या एका वाक्याने माझे दहा मिनिटांचे श्रम वाचले.

त्या दिवशी सगळ्यात लांब गेलेलं विमान १७ मीटर गेलं, सहावीतल्या एका मुलीचं. मोठ्या पोरांनी जोर लावला आणि ती हरली. जोराने फेकलं की पंख वळतो आणि विमान फिरकी घेतं. जुलैत तीच स्पर्धा पुन्हा घेतली, तर कोणाचंच दहाच्या पुढे गेलं नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत कागद पाणी पितो, मऊ पडतो आणि घडी उकलते. ही नोंद मुलांनी स्वतःच फळ्यावर लिहिली.

बल्लारशाहून बेंगळुरूला थेट गाड्या आहेत. आमच्या भागातल्या मुख्याध्यापकांनी एक वर्ष तरी सहल तिकडे न्यावी. दप्तरात प्रत्येकी दहा कोरे कागद असू द्या, आणि मुलं मिग-२१ कडे धावली तर धावू द्या. नंतर त्यांना एचटी-२ समोर उभं करा आणि घाटगे हे नाव तुम्ही स्वतः सांगा.