ओला तळहात आणि मल्लखांबाची पकड

उन्हाळी सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या पटांगणांवर व्यायामाची शिबिरे भरली, म्हणजे मल्लखांबापुढे उभ्या असलेल्या रांगेत एखादे तरी मूल असे आढळते, की ज्याचे अंग चपळ, मन उत्सुक आणि दंड-मांड्या पुरेशा बळकट असूनही तळहात मात्र सदैव ओले असतात. पाळी येईपर्यंत ते हात चड्डीला पुसते, मातीत घासते, पुन्हा पुसते, आणि एवढे करूनही खांबाला हात घालताच तो सरकतो. ‘याच्या हातात पकडच नाही’ असा शेरा मारून अशा मुलास रांगेच्या शेवटी पाठविण्याचा दस्तूर पुष्कळ ठिकाणी चालत आला आहे. तो अन्यायाचा आहे, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीचाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पकड आणि घाम यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

तळहात आणि तळपाय येथील त्वचेत घर्मग्रंथींची दाटी शरीराच्या इतर बहुतेक भागांपेक्षा कितीतरी अधिक असते. एका चौरस सेंटिमीटरात त्या शेकड्यांनी भरतात. पाठीचा वा कपाळाचा घाम मुख्यत्वे उष्म्याने येतो, परंतु तळहाताचा घाम प्रामुख्याने मनाच्या हुकमाने सुटतो. भीती, उत्सुकता, परीक्षकाची नजर, ‘पडलो तर?’ ही शंका यांपैकी काहीही उद्भवताच अनुकंपी मज्जासंस्था तळहाताच्या ग्रंथींना जागृत करते; झोपेत मात्र अतिघामाने त्रस्त असलेल्यांचेही हात बहुधा कोरडे होतात. यात निसर्गाची तजवीजही आहे. अगदी शुष्क त्वचा कठीण असते आणि गुळगुळीत वस्तूवर घसरते. किंचित दमट झाली की ती मृदू होते, पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत बसते आणि घट्ट चिकटते. लाकूड फोडणारा गडी कुऱ्हाडीच्या दांड्याला हात घालण्यापूर्वी तळहातावर थुंकतो, तो ह्याच सबबीने. ओलावा वाढत जाऊन त्वचा आणि वस्तू यांच्यामध्ये पाण्याचा सलग पडदा तयार झाला, की मात्र तोच ओलावा वंगणाचे काम करू लागतो. म्हणून हात संपूर्ण कोरडा करणे हे साध्य नव्हे. त्याला मधल्या अवस्थेत राखणे हे साध्य होय.

पाश्चात्त्य देशांत नृत्य व व्यायाम यांच्या संयोगातून वाढलेला आणि आता आपल्या महानगरांतही शिकविला जाणारा ‘पोल’ हा प्रकार येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. त्याच्या स्पर्धांतील धातूचा खांब 45 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे 14 सेंटिमीटर परिघाचा असतो. प्रौढ माणसाच्या मुठीत तो सहज मावतो, आणि त्यामुळे शरीराचा सारा भार पुष्कळदा तळहातावर येतो. धातू घाम शोषून घेत नाही. शिवाय तो थंड असला की हाताची पकड अधिकच सुटते. म्हणून त्या कलावंतांना खांब वारंवार स्पिरिटने पुसावा लागतो, सरावापूर्वी तो हाताने चोळून ऊबदार करावा लागतो आणि त्या दिवशी अंगाला तेल वा क्रीम लावणे वर्ज्य मानावे लागते. कमी वस्त्रे घालण्यामागेही प्रदर्शनाचा हेतू असतो असे समजणे अन्यायाचे ठरेल. गुडघ्याची खोबण, मांडीचा आतला भाग आणि कोपराची घडी यांची उघडी त्वचाच तेथे पकड धरते, कापड सरकते. आपला मल्लखांबपटू लंगोट किंवा तोकडी चड्डी घालतो, त्याचेही कारण हेच आहे.

आपला पुरलेला मल्लखांब सागाचा वा शिसवीचा. बुंध्याशी त्याचा परीघ सुमारे 55 सेंटिमीटर, वर तो निमुळता होत जातो, आणि अंग, मान व बोंड असे त्याचे तीन भाग पडतात. एवढ्या जाड खांबाला मूठ पुरत नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त ज्याचा उल्लेख सापडतो आणि पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे रूप दिले, त्या ह्या व्यायामाची सारी रचनाच मुठीवर विसंबून न राहण्याची आहे. कुस्तीगीर प्रतिस्पर्ध्याला जसा बोटांनी न धरता हात, बगल, छाती आणि मांड्या यांच्या विळख्यात घेतो, तसाच खांबही घ्यावयाचा असतो. पहिल्या महिन्यात शिकविली जाणारी अढी पाहावी: मूल दोन्ही हातांनी खांबास कवटाळते, कंबर उचलून पाय वर नेते, मांड्यांनी खांब आवळते, आणि मग डोके खाली असताना दोन्ही हात मोकळे सोडते. त्या क्षणी त्याचे तळहात ओले आहेत की कोरडे, याला काडीचेही महत्त्व उरत नाही. ओल्या हाताच्या मुलास जो शिक्षक अढीपर्यंत पोहोचू देत नाही, तो त्याला ज्या ठिकाणी त्याची अडचण संपते, नेमक्या त्याच ठिकाणापासून दूर ठेवतो.

आता तेल आणि राळ यांचा मामला. मल्लखांबाला एरंडेल लावतात, हे पाहून नवख्या पालकांस अचंबा वाटतो, कारण घसरू नये म्हणून तेल लावणे ही गोष्ट उलटी दिसते. परंतु खांबावर अंग घासले जाते, उलटापालट होते, उंचावरून घसरत खाली यावे लागते, आणि कोरड्या लाकडावर हे करताना मांडीची व छातीची कातडी सोलवटते. दाट, चिकट एरंडेलाचा पातळ हात ते घर्षण मर्यादेत ठेवतो आणि वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडाला तडे जाऊ न देण्याचेही काम करतो. त्यावर पकडीसाठी राळेची पूड, जिला आता आखाड्यातही रोझिन म्हणतात, ती येते. एका जाणत्या वस्तादांना मी हे करताना पाहिले आहे. त्यांनी फडक्याला तेल लावून खांब वरून खाली एकदाच पुसला, दुसऱ्या कोरड्या फडक्याने जादा तेल टिपून घेतले, आणि मग मुलाचा हात आपल्या हातात घेऊन आधी तो पंच्याने कोरडा केला, बोटांच्या बेचक्यांतून पंचा फिरविला, चिमूटभर पूड तळव्याच्या मध्यावर ठेवली आणि दोन्ही तळवे एकमेकांवर असे चोळायला लावले की पूड दिसेनाशी झाली. हात पांढरा दिसला की पूड जास्त झाली, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे: राळ चोळल्याच्या उष्णतेने मऊ होऊन चिकटते, पण सुट्ट्या कणांचा जाड थर त्वचा आणि लाकूड यांच्यामध्ये राहिला की हात त्यावरूनच सरकतो. ओल्या हातावर पूड टाकली तर तिचा लगदा होतो, म्हणून पुसणे आधी आणि पूड नंतर. जिम्नॅस्टिक्समधील मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड याहून निराळी. ती चिकटवत नाही, केवळ ओल शोषते, आणि ज्यांना राळेने खाज वा पुरळ येते त्यांना तीच योग्य.

दोरीच्या मल्लखांबावर पकडीचा प्रश्न पुन्हा हाताकडे येतो. तेथे दोर बारीक, सुती आणि मऊ. गाठ न मारता केवळ अंगाभोवतीच्या वेढ्यांवर मुली त्यावर आसने करतात, आणि चढताना दोर पायाच्या अंगठ्याच्या व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरतात. कापूस घाम शोषतो, ही ओल्या हाताला मोठीच सवलत आहे. पण एकामागून एक अनेक जणी चढल्यावर दोर स्वतःच ओलसर आणि गुळगुळीत होतो, आणि शेवटी पाळी येणाऱ्या मुलीला दोष मात्र तिच्या हाताचा दिला जातो. दोन दोर आलटून पालटून वापरावेत आणि प्रत्येक सत्रानंतर ते सावलीत वाऱ्यावर टांगावेत. पायाची पकड पक्की झालेल्या मुलीच्या हातांवरचा भार बराच उतरतो, म्हणून अतिघाम असणाऱ्यांकडून पायाच्या बेचक्याचे काम अधिक करवून घ्यावे.

ऋतूही पाहिला पाहिजे. मे महिन्यात यवतमाळचा पारा 42–43 अंशांपलीकडे जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम सुटताच उडतो; खरी परीक्षा श्रावणात, जेव्हा हवेतच ओल असते आणि हात पुसूनही क्षणात पुन्हा ओला होतो. त्या दिवसांत सत्रे लहान करावीत आणि प्रत्येक मुलाजवळ स्वतःचे फडके असावे. भीतीचा घाम तर पुडीने आवरत नाही. त्याला एकच इलाज: उंची कमी, खाली जाड गादी, जवळ उभा राहणारा विश्वासाचा माणूस, आणि तेच काम पुनःपुन्हा, ज्यायोगे शरीराला त्याची धास्ती उरत नाही. ज्या शिक्षकाच्या ओरडण्याने मुलाच्या तळहाताला अधिकच पाणी सुटते, तो आपल्याच हाताने त्याची पकड सोडवीत असतो.

तथापि काही मुलांचा घाम ह्या साऱ्या उपायांपलीकडचा असतो. वही भिजते, पेन निसटते, कोणाशी हात मिळविण्याचीही लाज वाटते. बालपणी वा पौगंडावस्थेत सुरू होणारा, दोन्ही हातांना सारखाच येणारा आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेला हा विकार वैद्यकशास्त्राला परिचित आहे, आणि त्यावर उपचारही आहेत. अॅल्युमिनियम क्लोराइडचा द्राव रात्री पूर्ण कोरड्या हाताला लावून सकाळी धुणे ही पहिली पायरी. साध्या पाण्याच्या तबकांत हात ठेवून त्यातून सौम्य विद्युत्प्रवाह सोडण्याची पद्धत ही त्यापुढची; आरंभी आठवड्यातून काही वेळा, मग हळूहळू विरळ. बोटॉक्सच्या सुया काही महिने गुण देतात, पण तळहाताला त्या फार दुखतात. छातीतील मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया मात्र अगदी शेवटचा उपाय समजावा, कारण तिच्यानंतर हात कोरडे झाले तरी पाठ आणि पोट यांवर भरपाईचा घाम सुटू लागल्याच्या तक्रारी सामान्य आहेत. घाम सर्वांगाला येत असेल, झोपेतही येत असेल, वजन घटत असेल किंवा हात कापत असतील, तर थायरॉइड वगैरेंची तपासणी आधी व्हावयास हवी.

यवतमाळात 1989 पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. अशा मुलाला तेथील त्वचारोग विभागात दाखविण्यासाठी पालकांनी नागपूर-मुंबईची वाट धरण्याचे कारण नाही, आणि शिबिराच्या शिक्षकानेही रांगेतून वेगळे काढण्यापूर्वी त्याच्या घरी तेवढा एक निरोप अवश्य पाठवावा.