ठशाचा तडा

व्यापारी घरांत, दुकानाच्या जुन्या कपाटात किंवा माळ्यावर, बंद झालेल्या चिल्लरीचा एखादा डबा बहुधा असतोच. पंचवीस पैसे आणि त्याहून कमी मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. बँकेत बदलून घेण्याची मुदत टळली, आणि गल्ल्यात उरलेले पैसे डब्यात गेले. पुढे केव्हातरी दुकानाचे नूतनीकरण निघते, माळा रिकामा होतो आणि डबा वजनावर भंगारवाल्याच्या हवाली केला जातो. तो देण्यापूर्वी एक भिंग घेऊन त्याच्यासमोर तासभर बसावे, एवढ्यासाठी हा लेख.

अशा डब्यात बहुतेक लोक दुर्मीळ साल शोधतात, आणि बहुधा निराश होतात. मी शोधतो तो तडा. नाण्याचा नव्हे, नाणे ज्याने पाडले त्या ठशाचा.

टांकसाळीत कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबली जाते. ठशावर अक्षरे, सिंहमुद्रा, साल हे सारे उलटे आणि खोलगट कोरलेले असते. दाबाखाली चकतीचा धातू त्या खोलगट भागात शिरतो आणि नाण्यावर उठाव उमटतो. आधुनिक यंत्रावर हा आघात मिनिटाला शेकडो वेळा होतो. पोलाद कितीही कठीण केले तरी त्याच्या सोसण्याला मर्यादा आहे. जेथे कोरीव कामाचा कोपरा तीक्ष्ण असतो, विशेषतः काठालगतच्या अक्षरांपाशी, तेथे ताण साचतो आणि एके दिवशी केसासारखी भेग पडते. यंत्र चालूच असते. पुढच्या आघाताला धातू त्या भेगेतही शिरतो, आणि नाण्यावर एक बारीक उंच रेघ येते. तो ठसा काढून टाकीपर्यंत त्यातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी येत राहते.

ओळखण्याची सारी किल्ली या ‘उंच’ शब्दात आहे. खिशात, गल्ल्यात, पिशवीत घासून पडलेला ओरखडा नाण्यात खोल गेलेला असतो; ठशाच्या तड्याची रेघ नाण्यावर वर आलेली असते. दिवा डोक्यावर न ठेवता एका बाजूने, तिरपा ठेवावा आणि नाणे हळूहळू फिरवावे. उंच रेघेची दिव्याकडची बाजू चमकते व पलीकडे सावली पडते. ओरखड्यात हे उलट दिसते. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. सवय होईपर्यंत नाण्यावरच्या एखाद्या अक्षराची सावली आधी पाहावी आणि रेघेची सावली तिच्याशी ताडून घ्यावी.

मात्र प्रत्येक उंच रेघ म्हणजे तडा नव्हे. टांकसाळीत ठसा घासून साफ करतात, तेव्हा त्याच्या सपाट पृष्ठभागावर बारीक ओरखडे राहतात आणि तेही नाण्यावर उंच रेघा होऊन येतात. पण त्या रेघा सरळ, एकमेकींना समांतर आणि पुंजक्याने असतात. शिवाय त्या केवळ नाण्याच्या सपाट भागात दिसतात. अक्षरापाशी येऊन थांबतात, कारण घासणारे साधन ठशावरील अक्षराच्या खळग्यात पोहोचत नाही. तडा असा थांबत नाही. तो वाकडातिकडा, पात्र शोधणाऱ्या ओढ्यासारखा चालतो आणि मैदान, अक्षर, पुन्हा मैदान ओलांडून बहुधा काठाला जाऊन मिळतो. संशय आला की रेघ अक्षरावर चढते की नाही, तेवढे पाहावे.

तडा वाढत जातो, आणि खरी गोडी येथूनच सुरू होते. प्रथम केस, मग दोरा, मग दोन तडे एकमेकांना मिळतात आणि शेवटी ठशाचा काठालगतचा तुकडाच निखळून पडतो. त्यानंतरच्या नाण्यावर त्या जागी अक्षरे नसतात, आकारहीन धातूचा उंचवटा असतो. कधी तडा न दिसता ठशाचा नुसता बारीक कपचा उडतो. अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यावर ‘लिबर्टी’ या शब्दातील बी आणि ई या अक्षरांच्या मध्ये असा कपचा उडून एक उभा ठिपका उमटे. तो आय या अक्षरासारखा दिसतो. १९५० च्या दशकातील अशी नाणी विपुल आहेत. ती महाग नसूनही तेथील संग्राहक साल आणि टांकसाळ यांप्रमाणे त्यांची मालिका लावतात.

आपल्या डब्यात त्याच जातीचे काम करण्याजोगा माल आहे. चौकोनी एक पैसा व पाच पैसे, लहरी काठाचे दोन व दहा पैसे, षट्कोनी तीन व वीस पैसे, ही सारी ॲल्युमिनियमची. आणि १९८८ नंतरचे पोलादी दहा व पंचवीस पैसे. गेंड्याचे पंचवीस पैसे मी सर्वांत आधी वेगळे काढतो. पोलादाची चकती ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण, तिच्यावर ठसा उमटवायला दाब अधिक लागतो आणि ठशाला तो सोसावा लागतो. लोहचुंबक फिरवला की ही नाणी आपोआप निराळी होतात. मग सालाखालची खूण पाहावी: हिऱ्याच्या आकाराची असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका असेल तर नोएडा, आणि खूण नसेल तर कोलकाता.

येथून पुढे संग्रहाची पद्धत मी व्यापारी वाचकांना त्यांच्याच भाषेत सांगतो. नाण्यांची नुसती रोजकीर्द ठेवू नये, खतावणी ठेवावी. प्रत्येक तुटका ठसा म्हणजे एक खाते, आणि त्यातून पडलेले प्रत्येक नाणे ही त्या खात्यातील नोंद. खात्याच्या माथ्यावर मूल्य, साल, टांकसाळ आणि बाजू लिहावी. तड्याची जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगावी. जसे, ‘गेंड्याची बाजू, दोनपासून निघून पायापर्यंत’. दुसऱ्या नाण्यावर तडा त्याच जागी, त्याच वळणाने जात असेल तर ते त्याच खात्याचे. तो अधिक लांब किंवा जाड असेल तर ते नंतर पडलेले. तीन-चार नाणी सापडली की ती कोणत्या क्रमाने यंत्रातून बाहेर पडली हे आपण सांगू शकतो. टांकसाळीच्या एका पाळीचा हा जमाखर्च आपल्या हातात येतो, आणि तोही भंगारात निघालेल्या डब्यातून! एकाच पिशवीतून आलेली नाणी दुकानाच्या डब्यात एकत्र राहिलेली असतात, म्हणून असे जुळणारे भाऊ तेथे भेटण्याची शक्यता अधिक. डबा एकदा विस्कटला की ही संगती कायमची गेली. एकटे तुटके नाणे बाजारातही मिळेल; त्याच्या आधीचे आणि नंतरचे मिळणे अवघड.

किमतीबद्दल स्पष्ट लिहिलेले बरे. साध्या तड्याने नाण्याला मोल चढत नाही म्हटले तरी चालेल. काठाचा मोठा तुकडा निखळलेल्या ठशाचे नाणे असेल तर हौशी माणूस काही अधिक देतो, इतकेच. लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिराती येतात, त्यांत रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्हही वापरलेले असते, आणि व्यवहारापूर्वी कमिशन किंवा कर म्हणून पैसे मागितले जातात. आपण अशा व्यवहारात पडत नाही आणि असे शुल्क कधीही मागत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला आहे. नातवंडांच्या हातात भिंग देताना ही गोष्टही त्यांच्या कानावर घालावी.

सांभाळण्याचे नियम थोडेच. नाणे काठाने धरावे. चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांपैकी काहीही लावू नये. घासल्याने तड्याची धार जाते आणि नवे ओरखडे मात्र येतात. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांपेक्षा कोरड्या कागदाची छोटी पाकिटे बरी, आणि वर पेन्सिलीने खाते क्रमांक.

पन्नास पैशांचे नाणे आजही कायदेशीर चलन आहे. पण ग्राहक ते घेत नाही, दुकानदार देत नाही, आणि गल्ल्याच्या कोपऱ्यात राहिलेली ही नाणी आता हळूहळू त्याच डब्याकडे निघाली आहेत. ती एकत्र आहेत तोवर पाहून घ्यावीत.