नरक्याचे झाड आणि डीएनएचा पीळ

सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात नरक्या हे उग्र वासाचे लहानसे झाड वाढते. त्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे विष असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी मुंबईत १९७२ साली दाखवले. मूळ शोध मात्र १९६६ चा, चीनमधल्या कॅम्प्टोथेका झाडातला. आणि तो लावणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९७१ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधाचीही रचना उलगडली. वाणींची नोंद औषधांच्या इतिहासात होते. पेशीविभाजनाचे नियंत्रण समजून घेण्याच्या इतिहासातही ती व्हायला हवी.

विषाने पेशी मरते, त्यात नियंत्रण कसले, असे कुणी म्हणेल. पण हे विष आंधळे नाही. विभाजनाआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा उलगडत जाणाऱ्या दोरीसारखा त्याचा पुढचा भाग अधिकच पिळवटतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापते, पीळ सैल करते आणि टोके पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन कापू देते, जोडू देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तिथे आदळली की डीएनए तुटतो आणि पेशीतली तपासणीची व्यवस्था विभाजन रोखते. हे विकरच लक्ष्य असल्याचे १९८५ साली कळले, म्हणजे रेणू हाती आल्यावर एकोणीस वर्षांनी. मग कॅम्प्टोथेका स्वतःच्याच विषाने का मरत नाही? त्याच्या विकरातले एकच अमिनो आम्ल बदललेले आहे, असे २००८ मध्ये दिसले. आणि गंमत म्हणजे, औषधाला दाद न देणाऱ्या ल्युकेमियाच्या मानवी पेशींत नेमका तोच बदल आधीच आढळला होता. लक्ष्याचा याहून भक्कम पुरावा शोधून सापडणार नाही.

वाणी तर रसायनतज्ज्ञ, पेशींचा उलगडा इतरांनी केला, हा आक्षेप खराच आहे. टॅक्सॉल पेशीतल्या, गुणसूत्रे वेगळी करणाऱ्या सूक्ष्मनलिका सुटू देत नाही, म्हणून विभाजन अडते, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. पण कॅम्प्टोथेसिन शोधताना वाणी-वॉल अर्काचा प्रत्येक अंश ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर तपासून घेत आणि गुण दाखवणाराच पुढे नेत. रेणूची निवड पेशींनीच केली होती. सत्तरच्या दशकात दुष्परिणामांमुळे कॅम्प्टोथेसिनच्या चाचण्या थांबल्या. लक्ष्य कळल्यावर त्यात पुन्हा रस निर्माण झाला आणि त्याच्यापासून बनवलेल्या टोपोटेकन व इरिनोटेकनला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही सतत विभाजित होत असतात, म्हणून ही औषधे देताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी आजही मोजाव्या लागतात.