टायरची मुदत

ठेवपावतीची तारीख पाहण्याची बँकेतील सवय निवृत्तीनंतर अमेरिकेत कामी आली. नातवंडांसह प्रवासासाठी जावईबापूंनी मित्राचे मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घरच, आणले होते. टायरची नक्षी नव्यासारखी खोल होती. परंतु बाजूवर '२३१२' हे अंक होते. म्हणजे उत्पादन २०१२ च्या २३व्या आठवड्यातले; टायरचे वय ११ वर्षे! दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या अशा गाडीचे रबर झिजण्याआधीच वयोमानाने कमकुवत होते. नवे टायर बसवूनच आम्ही निघालो.

हवा टायर थंड असतानाच मोजावी. हवा कमी असल्यास टायर तापून फुटू शकतो. दर दोन तासांनी थांबावे. डोळे जड झाल्यास गाणी लावणे हा उपाय नव्हे. गाडी सुरक्षित जागी लावून झोपावे. बिछाना पाठीशीच असताना घाई कशाला?