नाकातला फवारा आणि खुर्चीतले दोन तास

आरामखुर्ची, मंद दिवा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. अमेरिकेतल्या दवाखान्यात रुग्ण नर्सच्या देखत दोन्ही नाकपुड्यांत एकेकदा फवारा मारतो. एका उपकरणात २८ मिलिग्रॅम औषध असतं. मात्रा ५६ किंवा ८४ मिलिग्रॅमची, म्हणून पाच मिनिटं थांबून दुसरं उपकरण, गरज पडल्यास तिसरं. हे एसकेटामाइन, बाजारातलं नाव 'स्प्रवाटो'. फवारा क्षणात संपतो, पण पुढचे किमान दोन तास तिथून हलायचं नाही.

उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी हे औषध आहे. दोन वेगवेगळी औषधं योग्य मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही पुरेसा उतार पडला नाही, तर नैराश्य 'दाद न देणारं' ठरतं. 'स्टार-डी' या मोठ्या अमेरिकन अभ्यासात पहिल्या औषधानं सुमारे एकतृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. दोन औषधं निष्फळ ठरल्यावर तिसऱ्यानं सातांपैकी जेमतेम एक. औषध बदलत बदलत वर्ष जातं आणि घरचे म्हणतात, 'मन खंबीर कर.' या वाक्यानं रुग्णाला किती एकटं वाटत असेल!

मूळ औषध केटामाइन १९६२ साली भुलीसाठी तयार झालं. त्याच्या रेणूची उजव्या-डाव्या हातांसारखी दोन रूपं असतात. त्यांतलं एक म्हणजे एसकेटामाइन. नेहमीच्या गोळ्या प्रामुख्यानं सेरोटोनिनसारख्या रसायनांवर काम करतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. केटामाइनचा रोख ग्लुटामेटच्या यंत्रणेवर. २०१० साली येल विद्यापीठाच्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात एका दिवसात चेतापेशींच्या नव्या जोडण्या फुटलेल्या दिसल्या. दीर्घ नैराश्यात विरळ झालेलं जाळं पुन्हा विणलं जात असावं, असा सध्याचा तर्क. गोळी गिळली तर यकृत बरंचसं औषध वाटेतच मोडून टाकतं. नाकाच्या नाजूक आवरणातून ते थेट रक्तात उतरतं.

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या फवाऱ्याला मान्यता दिली, तेव्हा तीन अल्पकालीन चाचण्यांपैकी एकीतच फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरला होता. पुढे २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत आठ आठवड्यांनी २७.१ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. तुलनेसाठी क्वेटियापीन हे दुसरं औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.६ टक्के होतं. म्हणजे फायदा खरा, पण अनेकांना तो होत नाही. हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं.

दोन तासांचा पहारा उगाच नाही. रक्तदाब वाढतो, साधारण चाळीस मिनिटांनी सर्वाधिक होतो. गुंगी येते, आपण शरीराबाहेर तरंगतोय असं वाटतं. म्हणून हे औषध घरी मिळत नाही, फक्त प्रमाणित केंद्रांतच दिलं जातं. 'जवळचा दवाखाना' शोधताना केटामाइनची सलाईन देणारी केंद्रंही पुढे येतात, पण नैराश्यासाठी त्या वापराला मान्यता नाही. घरपोच केटामाइनच्या धोक्यांबद्दल तर प्रशासनानं २०२३ मध्ये उघड इशारा दिला.

पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा. दोन महिन्यांत बारा फेऱ्या. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा! मला या उपचाराची सर्वांत कठीण बाजू हीच वाटते. मराठी घरांतली अनेक मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी कुणाला याची गरज पडली, तर पहिल्या फोनमध्ये विचारावं: केंद्र प्रमाणित आहे का, विमा किती खर्च उचलतो, मेंदूत रक्तस्राव किंवा रक्तवाहिनीचा फुगा पूर्वी झाला असल्यास काय. आधी दोन तास काही खायचं नाही, अर्धा तास पाणीही नाही. आणि परतताना गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची. रुग्णानं स्टिअरिंग धरायचं ते रात्रीची नीट झोप झाल्यावर, दुसऱ्या दिवशी.