जिभेच्या हाती : ‘नीतिसूत्रां’तील वाणीविचार

बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथात वाणीविषयी आलेला विचार केवळ मृदुभाषणाचा उपदेश नव्हे. वाणीच्या परिणामांची ती मीमांसा होय. हिब्रूतील ‘दाबार’ या शब्दाला ‘शब्द’ आणि ‘घटना’ असे दोन्ही अर्थ असल्यामुळे हिब्रू मन शब्दालाच कृती मानीत असे, असे प्रतिपादन पूर्वी केले जाई. केवळ शब्दार्थांवरून एखाद्या समाजाची विचारसरणी ठरविण्याची ही पद्धत सदोष असल्याचे जेम्स बार यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. म्हणून प्रमाण मानावयाचे ते प्रत्यक्ष सूत्रांनाच.

अठराव्या अध्यायातील एकविसाव्या सूत्रात जीवन आणि मरण यांची सत्ता जिभेकडे दिली आहे. मुळात तेथे ‘याद’, म्हणजे हात, हा शब्द असून ‘हाती असणे’ या मराठी वाक्प्रचाराशी तो सहज जुळतो. पुढील प्रतिमा फळाची आहे. वाणीचा परिणाम ही बाहेरून लादलेली शिक्षा नसून तिच्यातूनच उपजणारे फळ होय, आणि ते बोलणाऱ्यास खावे लागते, असा तिचा भाव आहे.

परंतु फळ नेहमी बोलणाऱ्याच्याच वाट्यास येते काय? पुण्यातील एक प्रसंग या दृष्टीने विचारार्ह आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत स्थापिलेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, असे आश्वासन होते. ते मोडले गेले, असा आक्षेप निघाला. आपण कोणावर सक्ती केली नाही, आपल्या प्रार्थनेस येण्याची मुलींना केवळ मोकळीक होती, असे रमाबाईंचे म्हणणे होते. वृत्तपत्रांतून वाद पेटला आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. दिलेल्या शब्दाच्या अर्थाविषयी भांडले ते इतर. शिक्षण खंडित झाले ते त्या मुलींचे.

हा अनुभव ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाशी जुळतो. तेथे अविचारी बोलण्यास तलवारीच्या घावाची उपमा असून शहाण्याची वाणी आरोग्यदायी म्हटली आहे. घाव होतो तो दुसऱ्याला. म्हणून फळाचे सूत्र घावाच्या सूत्रासह वाचले, तरच हा वाणीविचार पूर्ण होतो.

पुढे रमाबाईंनी केडगाव येथे हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही दोन्ही सूत्रे त्यांच्या लेखणीखालून गेली होती.